‘झाले’ या क्रियापदाचा हिशेब

संगणक-प्रकल्प फसला, की त्याचा दोष यंत्राच्या अथवा कंत्राटदाराच्या माथी मारून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रस्तुत टिपणात या रीतीची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी मुंबई विद्यापीठाच्या २०१७ मधील उन्हाळी परीक्षांचे मूल्यांकन हे उदाहरण घेतले आहे. कारण ते आपल्याच व्यवसायातील आहे.

त्या वर्षी सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांनी त्या संगणकाच्या पडद्यावर तपासाव्यात, असे ठरले. उत्तरपत्रिकांची संख्या सुमारे १७ लाख होती. कल्पना मुळात वाईट नव्हती. अभियांत्रिकी शाखेत ही पद्धत आधीपासून वापरात होती. परंतु एका शाखेतील यश हीच सर्व शाखांची चाचणी मानली गेली, हा पहिला प्रमाद होय. वाणिज्य शाखेची प्रचंड संख्या आणि विधी शाखेतील दीर्घ उत्तरे यांची कसोटी अभियांत्रिकीच्या अनुभवाने लागणे शक्य नव्हते.

दुसरा प्रमाद मुदतीविषयीचा. विद्यापीठ अधिनियमाप्रमाणे निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागावयास हवेत. ते न लागल्याने कुलपतींनी ३१ जुलै ही मुदत घालून दिली. तरीही अनेक निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. तारीख निश्चित होती. ‘तयार’ कशास म्हणावयाचे, हे मात्र निश्चित नव्हते.

तिसरा प्रमाद घाईतून उद्भवला. अध्यापन काही दिवस थांबवून आणि अन्य विद्यापीठांतील प्राध्यापकांचे साहाय्य घेऊन तपासणीस वेग देण्याचा प्रयत्न झाला. रखडलेल्या कामावर नवी माणसे घातल्याने ते अधिकच रखडते, हे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी संगणक-प्रणालींच्या निर्मितीविषयी १९७५ मध्येच दाखवून दिले आहे. नवागतास शिकविण्यात जाणत्यांचा वेळ खर्ची पडतो, हे त्याचे साधे कारण. येथे खोळंबा उत्तरपत्रिका योग्य परीक्षकापर्यंत पोहोचण्यातही होता; तो केवळ परीक्षक वाढविल्याने दूर होणारा नव्हता.

या तिन्ही प्रमादांच्या मुळाशी एक भाषिक सवय आहे. ‘स्कॅनिंग झाले’, ‘उत्तरपत्रिका तपासून झाल्या’ अशी वाक्ये प्रगती-अहवालांत सर्रास आढळतात. त्यांत कर्ता नाही आणि निकषही नाही. पाने यंत्राखालून गेली, की ती सुवाच्य उमटून, पुरवणीसह, योग्य क्रमांकास जोडली गेली? दोन्ही अर्थ ‘झाले’ या एका शब्दात सुखाने नांदतात. याउलट ‘अमुक परीक्षकाने इतक्या उत्तरपत्रिका तपासल्या व इतक्या वाचता न आल्याने परत केल्या’ या वाक्यात ‘ने’ हा प्रत्यय कर्त्यास पुढे आणतो आणि संख्या उणीव उघड करते.

भाषाशास्त्रज्ञाला सर्वत्र व्याकरणच दिसते, असा आक्षेप येथे येईल. तो काही अंशी मान्य आहे. व्याकरणाने विलंब होत नाही. परंतु विलंब निस्तरण्यापलीकडे जाईपर्यंत तो झाकून ठेवण्याचे काम असे वाक्य निश्चितपणे करते.

प्रस्तुत लेखक बजाजनगरात राहतो. लगतच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत यंत्रावर नवा डाय बसविला, की ‘पहिला पीस पास झाला का?’ असा प्रश्न प्रथम विचारला जातो. तेथेही क्रियापद ‘झाले’ हेच आहे. परंतु त्यामागे मोजमाप असते आणि तपासणाऱ्याची सही असते. त्यावाचून पुढील उत्पादन सुरू करावयाचे नसते. लाखो उत्तरपत्रिकांच्या कामास हा नियम लावणे कठीण नव्हते.

२४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्याने एका व्यक्तीचे उत्तरदायित्व ठरले. परंतु निकालाअभावी ज्यांचे पुढील प्रवेश हुकले, अथवा उत्तरपत्रिका न सापडल्यामुळे ज्यांच्या पदरी सरासरी गुण पडले, त्यांची हानी त्याने भरून निघाली नाही. आपल्याही विभागात अशी एखादी प्रणाली येईल, तेव्हा ‘झाले’ हे उत्तर ऐकून थांबू नये. कोणी केले, कोणत्या मापाने, आणि किती राहिले, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.