बियाण्याविषयीचे लोकमत : जालन्यातील दोन उत्पादनांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

नव्या तंत्रज्ञानाची वार्ता आली की तिच्यावर मत व्यक्त करणे हा वाचकाचा हक्क मानला जातो. मात्र हे मत कोणत्या रूपात व्यक्त होते आणि त्या रूपामुळे त्यातील काय टिकते व काय गळून पडते, याचा विचार क्वचितच होतो. जालना जिल्हा या विचारासाठी विशेष उपयुक्त आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ची स्थापना केली आणि पुढे हे शहर बियाणे उद्योगाचे केंद्र म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. याच उद्योगातून आलेल्या बीटी कापूस आणि बीटी वांगे या दोन उत्पादनांवर गेल्या दोन दशकांत उदंड मतप्रदर्शन झाले. प्रस्तुत लेखात त्या मतांच्या तीन रूपांची चिकित्सा केली आहे.

१. पत्रपरंपरा आणि तिची मर्यादा

मराठीत वृत्तपत्रीय पत्राला मोठी परंपरा आहे. भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ पत्रात १८४८ पासून गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने लिहिलेली पत्रे ‘शतपत्रे’ म्हणून प्रसिद्ध आहेत. टोपणनावामुळे लेखकाची व्यक्ती मागे राहिली आणि युक्तिवाद पुढे आला. मताची किंमत मत देणाऱ्यावरून न ठरता विचारावरून ठरावी, हा आधुनिक संस्कार या परंपरेने दिला.

सामाजिक प्रश्नांपुरता हा संस्कार योग्यच आहे. परंतु उत्पादनाविषयीच्या मताला तो जसाच्या तसा लागू होत नाही. ‘हे बियाणे चांगले आहे’ या विधानाला जमीन, पाणी आणि हंगाम यांवाचून अर्थ नाही. गोदावरीकाठच्या कालव्याखालील काळ्या जमिनीतला कापूस आणि भोकरदन-जाफराबादच्या कोरडवाहू हलक्या रानातला कापूस यांच्याविषयीची दोन मते परस्परविरोधी असूनही दोन्ही खरी असू शकतात. टोपणनाव काढले तरी युक्तिवाद उणा होत नाही. शेताचा पत्ता काढला तर अनुभवाचे मत पोकळ होते.

२. खरेदी हेच मत?

केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने २६ मार्च २००२ रोजी महिकोच्या मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या संकरित बीटी कापूस वाणांना मान्यता दिली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील जनुक कपाशीत घातल्याने बोंडअळीला मारक प्रथिन झाडातच तयार होते, हे या तंत्रज्ञानाचे सूत्र. पुढील दशकभरात देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र बीटीखाली आले. समर्थकांनी या खरेदीलाच शेतकऱ्याचा कौल मानले.

हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. अळीच्या फवारण्यांनी मेटाकुटीला आलेल्या शेतकऱ्याने प्रारंभी हे बियाणे समजून-उमजून स्वीकारले, हे नाकारता येत नाही. पण कृषी सेवा केंद्रात बिगर-बीटी संकरित वाण मिळेनासे झाल्यावर पिशवी विकत घेणे ही निवड राहत नाही. खरेदीचा आकडा पसंती आणि निरुपाय यांतला भेद सांगू शकत नाही.

३. सुनावणीतील मत

बीटी वांग्याला समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी हिरवा कंदील दाखवला. त्यानंतर तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश यांनी १३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०१० या काळात कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद आणि बंगळूर येथे जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती जाहीर केली. एखाद्या उत्पादनावर इतके विस्तृत लोकमत शासनाने मागवावे आणि त्याची दखल घेत निर्णयाची कारणे लेखी द्यावीत, ही घटना लोकशाहीच्या दृष्टीने मोलाची आहे.

तरीही या मतसंग्रहाची उणीव लक्षात घ्यावी लागते. येथे प्रश्न हंगामाआधी विचारला गेला. त्यामुळे सभागृहात अनुभव नव्हता, भूमिका होत्या. एका बाजूला कीटकनाशकांचा भार कमी होण्याची आशा, दुसऱ्या बाजूला आरोग्यचाचण्यांविषयीची शंका आणि वांग्याच्या मूळ भूमीतील वाणवैविध्याची चिंता. दोन्ही बाजू विचारार्ह होत्या. मात्र दोन्ही बाजूंना शेताने उत्तर दिलेले नव्हते. बांगलादेशाने ऑक्टोबर २०१३ मध्ये याच तंत्रज्ञानाच्या वांग्याला परवानगी दिली. परिणामी जालन्याच्या उत्पादनाविषयीचा शेतातला अनुभव परदेशात साचत गेला आणि जालन्यात केवळ वाद उरला.

४. तक्रारअर्जातील मत

२०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात शेंदरी बोंडअळीचा मोठा उद्रेक झाला. तेव्हा शेतकऱ्यांनी कापूस बियाणे कायद्याखालील ‘जी’ नमुन्यात तक्रारी दाखल केल्या. साहित्यगुण नसलेला हा कागद मतप्रकार म्हणून सर्वांत समृद्ध म्हणावा लागेल. त्याला शेतकऱ्याचे नाव, वाण, खरेदीची पावती यांचा आधार लागतो. पत्रात आणि सुनावणीत जे गळून पडते, तेच येथे अनिवार्य ठरते.

याही रूपाला मर्यादा आहे. अर्ज नुकसानीचा असल्याने त्यात दोष सांगितला जातो, कारण सांगितले जात नाही. अळीची प्रतिकारशक्ती वाढण्यामागे दीर्घ मुदतीचे संकरित वाण, फरदड आणि सोबत मिळणाऱ्या बिगर-बीटी बियाण्याची आश्रयपट्टी न पेरणे अशी अनेक कारणे होती. ‘बियाणे फसले’ हे शेतकऱ्याचे विधान आणि ‘आश्रयपट्टी पेरली नाही’ हे तज्ज्ञांचे विधान, दोन्ही अपुरी आहेत. चार-पाच एकराच्या कोरडवाहू शेतात काही ओळी अळीसाठी सोडण्याची अपेक्षा कितपत व्यवहार्य होती, हा प्रश्न दोन्ही विधानांच्या मध्ये अनुत्तरित राहतो.

समारोप

सारांश, खरेदी निरुपाय लपवते, सुनावणी अनुभवाआधी बोलावते आणि तक्रारअर्ज नुकसानीनंतरच उघडतो. तिन्ही रूपांत शेतकरी बोलतो, पण हंगामाच्या मध्यावर, पीक उभे असताना, त्याला कोणी विचारत नाही. ही पोकळी भरण्याचे काम ग्रामीण महाविद्यालये करू शकतात. कृषी, वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र आणि मराठी या विभागांनी मिळून गाव, जमीन, पाणी व वाण यांसह हंगामोहंगामी शेतकऱ्यांच्या मतांची नोंद ठेवली, तर पुढील उत्पादनावरचा वाद केवळ भूमिकांचा राहणार नाही. जे शहर देशाला बियाणे पुरवते, त्याच्या परिसरात त्या बियाण्याविषयीचे विश्वसनीय मतही नोंदले जावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.