‘देऊ शकेल’

म्हातारपणी माणसाला एखादे निरुपद्रवी व्यसन असावे, असे आमच्या घरातल्या मंडळींचे मत आहे. कुणी शब्दकोडी सोडवतो, कुणी गॅलरीत उभा राहून शेजाऱ्यांच्या गाड्या मोजतो. मला संसदेतली भाषणे वाचण्याचे व्यसन लागले. ते निरुपद्रवी आहे की नाही याबद्दल घरात दुमत आहे, कारण मी मोठ्याने वाचतो.

हे व्यसन लावले नानांनी. नाना आमचे शेजारी. १९७१ साली ते नगरपालिकेच्या जकात नाक्यावर लागले आणि अठ्ठावीस वर्षे त्यांनी पावत्या फाडल्या. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकातच गेली, तेव्हा नाना नाक्यावरून उठून जन्ममृत्यू नोंदणीच्या टेबलावर बसले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांचे पेन्शन पालिकेकडून येते. ‘येते’ हे क्रियापद मी जरा सैल वापरतो आहे. वरून अनुदान आले की पगार होतात, पगार होऊन उरले की पेन्शन होते. मृगाचा पाऊस निदान पंचांगात तरी दिलेला असतो.

असेच एकदा दोन महिने कोरडे गेल्यावर नाना म्हणाले, “मास्तर, तुम्ही जन्मभर व्याकरण शिकवलंत. तिकडे दिल्लीत आमच्या पालिकेबद्दल काय बोललेत, पेन्शनबद्दल काय बोललेत, ते एकदा मुळातून वाचा आणि मला सांगा. पेपरात नुसतं ‘गोंधळ’ एवढंच येतं.”

पुतण्याने सगळे मोबाईलवर काढून दिले. पूर्वी हे जाड खंड वाचनालयात सर्वांत वरच्या फळीवर असत आणि फक्त टेबलाचा पाय आखूड पडला तरच खाली येत. आता ते खिशात मावतात. वाचणारे तेव्हाइतकेच असावेत.

तर आता परीक्षण. वाङ्मयप्रकार म्हणून पाहिले तर संसदीय चर्चा हे नाटक आहे. संवाद आहेत, प्रवेश आहेत, आणि कंसात रंगसूचनाही आहेत. त्यातली सर्वांत मोठी भूमिका ‘व्यवधान’ या पात्राची. हे पात्र जवळजवळ प्रत्येक पानावर येते, कधी एका वाक्याच्या पोटात दोनदा येते, आणि त्याला स्वतःचे एकही वाक्य नाही. दुसरे महत्त्वाचे पात्र अध्यक्ष. त्यांच्या वाट्याला आलेला मुख्य संवाद म्हणजे ‘कृपया खाली बसा’. शाळेत मी हाच संवाद चौतीस वर्षे म्हटला, त्यामुळे माझी सहानुभूती आरंभापासून त्यांच्याकडे आहे. नाटकाचा मुख्य दोष असा की नायक रंगमंचावर येतच नाही. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो सरपंच, तो नगरसेवक, तो पेन्शनर शेवटपर्यंत बाहेर, फाटकाजवळ उभा.

पहिला अंक मात्र झकास आहे. तो संविधान सभेतला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटनेचा मसुदा मांडताना खेड्यांवर जे कोरडे ओढले, ते आजही वाचताना अंगावर येतात. खेडे म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर, त्याच्याबद्दल कसले प्रेम बाळगता, असा त्यांचा सवाल होता. मसुद्याने गावाला नव्हे, व्यक्तीला घटक धरले याचा त्यांना आनंद होता. मग उत्तरादाखल इतर सभासद उठले आणि बऱ्याच जणांनी खेड्याचे वर्णन केले. मी ‘माझा गाव’ या विषयावरचे हजारो निबंध तपासले आहेत. मला ते ओळखू आले. झुळझुळणारी नदी, कष्टाळू शेतकरी, देवळाचा कळस. दहापैकी पाच गुण. आंबेडकरांचे भाषण वेगळे पडते, कारण ते गाव वेशीच्या बाहेरून पाहिलेल्या माणसाचे आहे. ज्यांना वेशीच्या आत घर होते, त्यांना पंचायत म्हणजे पाराखालची गोड सावली वाटणारच.

पण याच आंबेडकरांनी १८ दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, के. संथानम यांची ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती अगदी थोडक्यात स्वीकारली. तीच आजचे ४० वे कलम. त्यात राज्य ग्रामपंचायती संघटित ‘करील’ असे ठसठशीत क्रियापद आहे. मी आनंदाने नानांना हाक मारणार होतो. तेवढ्यात लक्षात आले की हे कलम मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात ठेवले आहे, आणि त्या प्रकरणाला ३७ व्या कलमाचे कुलूप आहे. यातले काहीही कोर्टात मागता येणार नाही! म्हणजे क्रियापद पक्के, पण कपाटाची किल्ली कुणाकडेच नाही.

मधली वर्षे मी भरभर उलटली. १९५७ची बलवंतराय मेहता समिती, महाराष्ट्रात वसंतराव नाईक समिती, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा. हे आपल्या पिढीला पाठ आहे. आपल्याकडे जिल्हा परिषदेने शाळा चालवल्या, दवाखाने चालवले आणि मंत्रीही घडवले. पुढे १९८९ मध्ये राजीव गांधींनी पंचायतींसाठी घटनादुरुस्तीचे विधेयक आणले. लोकसभेत ते पास झाले आणि ऑक्टोबरात राज्यसभेत थोडक्या मतांनी पडले. शेवटी २२ आणि २३ डिसेंबर १९९२ ला दोन्ही सभागृहांनी ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती मंजूर केली. अयोध्येतली ६ डिसेंबर नुकतीच उलटली होती, देश पेटलेला होता, आणि त्या गदारोळात गावच्या पंचायतीचे आणि शहरच्या पालिकेचे भवितव्य प्रचंड बहुमताने ठरून गेले. इतकी एकी मला संशयास्पद वाटते. आमच्या संस्थेच्या सभेत एखादा ठराव एकमताने झाला की मी हमखास त्याची भाषा पुन्हा वाचून बघायचो.

तशी ही वाचली. आणि इथे व्याकरणाच्या मास्तराला त्याची शिकार सापडली.

दर पाच वर्षांनी निवडणूक? तिथे पक्के क्रियापद. अनुसूचित जाती-जमातींना जागा, महिलांना किमान एक तृतीयांश जागा? पक्के. राज्य वित्त आयोग दर पाच वर्षांनी? पक्के. मग २४३-छ कलम येते, पंचायतींना अधिकार आणि सत्ता देण्याचे. तिथे राज्याचे विधानमंडळ ते अधिकार ‘देऊ शकेल’. पालिकांच्या कलमातही ‘देऊ शकेल’. कर बसवायची मुभा? तीही ‘देऊ शकेल’. हिंदीत ‘सकेगा’, इंग्रजीत ‘मे’. संयुक्त क्रियापद, सहायक धातू ‘शक’. मी वर्गात शिकवायचो की ‘शक’ लागला म्हणजे क्रिया होईलच असे नाही, ती करण्याची नुसती ऐपत आहे. राम आंबा खाऊ शकेल. पण आंबा शामच्या हातात आहे आणि शामला भूक लागलेली आहे.

म्हणजे सभा पाच वर्षांनी भरलीच पाहिजे, सभेत कोण बसणार तेही ठरलेले, पण सभेने करायचे काय आणि कशाच्या पैशाने करायचे, हे मात्र ‘शकेल’. घटनेच्या दोन परिशिष्टांत विषयांच्या याद्या आहेत, पंचायतींना २९ आणि पालिकांना १८. पालिकांची यादी मी नानांना वाचून दाखवली. नगररचना, रस्ते, पाणीपुरवठा, झोपडपट्टी सुधारणा… नाना माना डोलवत होते. पंधराव्या विषयाला, म्हणजे कोंडवाड्याला, त्यांनी मला थांबवले.

“कोंडवाडा तर पहिल्यापासून आमच्याकडेच होता,” ते म्हणाले. “सोळावा कुठला?”

“जन्ममृत्यू नोंदणी.”

“तीही आमच्याकडेच होती. मग मास्तर, नवीन काय दिलं?”

मी म्हटले, “नवीन ते देऊ शकतील.”

नाना हसले. जकात नाक्यावर बसलेला माणूस असाच हसतो, ट्रकवाला ‘आत फक्त कडबा आहे’ म्हणाल्यावर.

अन्याय नको म्हणून हेही लिहितो, की जिथे पक्के क्रियापद होते तिथे खरोखर काही घडले. आमच्याच तालुक्यात ज्या बायका चावडीवर पदर सावरून उंबऱ्याशी उभ्या राहत, त्या खुर्चीत बसल्या. सुरुवातीला नवरे बाजूच्या खुर्चीत बसत आणि त्यांच्या वतीने खोकत. हळूहळू काहींचा खोकला बरा झाला. महाराष्ट्राने २०११ पासून महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. एका क्रियापदाने एवढे केले. तेच अधिकार आणि पैसा यांच्या वाक्यात वापरले असते तर काय बिघडले असते, याचे उत्तर मी भाषणांत शोधले. अधिकार दिलेच पाहिजेत हे सांगणारी भाषणे भरपूर आहेत. पण आंबा शामच्या हातात होता. हे अधिकार राज्यांचे, आणि राज्यांना दुखवून दुरुस्ती पास होणार नव्हती.

पक्क्या क्रियापदालाही पुढे वाळवी लागलीच. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तिच्यासह राज्यातल्या रखडलेल्या स्थानिक निवडणुका घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी सांगावे लागले. मधली तीन वर्षे कारभार प्रशासकाने पाहिला.

आणि जकात. नाना म्हणतात तिच्यात चिरीमिरी होती, खोळंबा होता, ट्रकवाल्यांच्या शिव्या होत्या. पण रात्री गल्ला मोजला की सकाळी झाडूवाल्याचा पगार कुणाला विचारावा लागत नसे. मुंबईची जकात सर्वांत शेवटी, १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा गेली. त्या करावरची चर्चाही मी वाचली. केंद्र आणि राज्ये यांचे काय होईल यावर पानेच्या पाने आहेत. पालिकेचे काय, हा प्रश्न मधूनमधून कुणी विचारतो, आणि मग व्यवधान.

आता दुसरे नाटक, पेन्शनचे. यातला सर्वांत चांगला प्रवेश संसदेत नाहीच, तो सर्वोच्च न्यायालयात घडला. १९७९ साली सरकारने पेन्शनचे सूत्र सुधारले, पण ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना त्यातून वगळले. नकारा नावाचे एक निवृत्त अधिकारी न्यायालयात गेले. (नाव नकारा आणि निकाल होकारार्थी, हा माझा विनोद घरात कुणालाही आवडलेला नाही.) १७ डिसेंबर १९८२ रोजी घटनापीठाने सांगितले की पेन्शन ही मेहरबानी नव्हे, केलेल्या नोकरीतून मिळवलेला हक्क आहे. सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड. पेन्शनर लोक १७ डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात. नानाही पाळतात. त्या दिवशी शिरा असतो.

संसदेतल्या प्रवेशांत अशी लख्ख वाक्ये कमी. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ नंतर नोकरीत येणाऱ्यांचे जुने पेन्शन बंद करून नवी योजना लावली. पगारातून दहा टक्के कापायचे, सरकारने आपला वाटा घालायचा, सगळे बाजारात गुंतवायचे, आणि म्हातारपणी बाजार देईल ते घ्यायचे. सैन्यदले तेवढी वगळली. हे सारे अधिसूचनेने झाले. योजनेच्या नियामक संस्थेचे विधेयक २००५ मध्ये लोकसभेत आले, लोकसभेची मुदत संपली तेव्हा ‘व्यपगत’ झाले (किती सुंदर शब्द आहे, माणसालाही लावता यावा), २०११ मध्ये पुन्हा आले आणि सप्टेंबर २०१३ मध्ये मंजूर झाले. आधी लग्न, मग साडेनऊ वर्षांनी मुलगी पसंत आहे का यावर चर्चा!

चर्चेत गंमत अशी की बाके बदलली की भाषणेही बदलतात. विरोधात असताना जो सभासद म्हाताऱ्या कर्मचाऱ्याच्या थरथरत्या हातांविषयी बोलतो, तोच सरकारात गेला की तिजोरीच्या थरथरत्या हातांविषयी बोलतो. दोन्ही भाषणे खरी आहेत, हीच त्यातली अडचण. जुने पेन्शन खरोखर तिजोरीला जड जाते, आणि बाजारावर टांगलेला म्हातारा खरोखर घाबरतो. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले कर्मचारी मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा माझा भाचा त्यांत होता आणि दाखल्यासाठी तिष्ठत असलेला माझा पुतण्या त्यांच्यावर चिडलेला होता. मी दोघांनाही चहा दिला. पुढे केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून आपल्या कर्मचाऱ्यांना मधला मार्ग दिला. पंचवीस वर्षे नोकरी झाली असेल तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे पेन्शन, खात्रीचे.

एक पेन्शन मात्र बाजारावर कधीच टांगले गेले नाही, ते खासदारांचे. १९७६ पासून ते चालू आहे. २०२५ मध्ये ते वाढवून दरमहा ३१,००० रुपये केले, वाढ १ एप्रिल २०२३ पासून धरली, आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला अडीच हजार जादा. मला त्या रकमेचा हेवा नाही. अनेक जुने खासदार फाटक्या धोतरात वारले आहेत, त्यांना हे मिळायला हवे होते. माझा आक्षेप परीक्षक म्हणून आहे. नटाचे स्वतःचे मानधन पक्के असले की तो भुकेचा प्रवेश फार रंगवून करतो.

हे सगळे मी नानांना सांगायला गेलो तेव्हा नोव्हेंबर होता आणि नाना हयातीचा दाखला द्यायला बँकेत निघाले होते. मीही बरोबर गेलो. तिथे यंत्रावर अंगठा ठेवायचा. नानांनी डावा ठेवला, उजवा ठेवला, रुमालाने पुसून पुन्हा ठेवला. अठ्ठावीस वर्षे पावत्या मोजून अंगठ्याच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. यंत्र काही त्यांना ओळखेना.

काउंटरवरची मुलगी फार चांगली होती. म्हणाली, “आजोबा, तुम्ही आहातच हो, मला दिसताय ना. पण यंत्रात आलं पाहिजे.”

“बाई,” नाना म्हणाले, “मी नऊ वर्षं मृत्यूचे दाखले दिलेत. एकाही मेलेल्याला इतका त्रास दिला नाही.”

तिने हसून कागदी फॉर्म काढून दिला. नानांनी चष्मा लावला, तो नीट वाचला, आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्यासमोर धरला. “मास्तर, क्रियापद बघा एकदा.”

‘हयात आहेत’ असे होते. मी होय म्हटले, आणि त्यांनी सही केली.