टीपॉयचा घागरा

बैठकीची एक खोली. भिंती पांढऱ्या, त्यांवर एकही तसबीर नाही. करड्या खोळी चढवलेल्या चार खुर्च्या, मधोमध गोल लाकडी टीपॉय, मांडणीवर कुठल्याही घरात असतात तशा किरकोळ वस्तू. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहाच्या रंगमंचावर ही खोली उभी केली होती आणि कार्यक्रम होता फॅशन शोचा. हुसेन चालायान या डिझायनरने त्या हंगामाच्या कपड्यांना नाव दिलं होतं ‘आफ्टरवर्ड्स’. त्याचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. फॅशन शो म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी निदान शेवटची काही मिनिटं तरी बघावीत.

मॉडेल येतात, जातात. मांडणीवरच्या वस्तू कपड्यांच्या खिशांत जाऊ लागतात. खिसे मुद्दाम त्या त्या वस्तूसाठी बेतलेले आहेत. मग चौघीजणी खुर्च्यांपाशी येतात, खोळी काढतात आणि अंगात घालतात. खोळीचा झगा होतो. उघड्या पडलेल्या खुर्च्यांचे सांगाडे मिटतात आणि त्यांच्या सुटकेसी होतात. शेवटी एकजण टीपॉयपाशी येते, मधली गोल चकती काढून बाजूला करते, त्या भोकात उभी राहते, वाकून आतलं कडं दोन्ही हातांनी वर घेते आणि कमरेला अडकवते. लाकडाची एकात एक बसलेली कडी खालोखाल लोंबत जातात. टीपॉयचा घागरा झाला. बल्गेरियन समूहगानाचे आर्त, एकमेकांना घासत जाणारे स्वर मागे चालू आहेत. खोलीत आता खुर्च्या नाहीत, टीपॉय नाही, मांडणी रिकामी आहे.

वास्तुकला आणि फॅशन यांच्या नात्याबद्दल जे बोललं जातं त्यातलं बरंचसं दिसण्यापुरतं असतं. अमुक पोशाख तमुक इमारतीसारखा दिसतो, खांद्याची रेघ कमानीसारखी आहे, चुण्या खांबांवरच्या पन्हळींसारख्या आहेत. या साम्याचा कळस गाठला गेला तो न्यूयॉर्कमध्ये, जानेवारी १९३१ च्या एका वेशभूषा-नृत्यात. शहरातले नामांकित आर्किटेक्ट तिथे आपापल्या इमारतींचा वेष करून आले होते आणि विल्यम व्हॅन ॲलन क्रायस्लर बिल्डिंग होऊन, तिचा सुळका डोक्यावर घेऊन उभे होते. तो फोटो बघून हसू येतं, आणि डोक्यावर इमारत घेतलेल्या माणसाचं कौतुकही वाटतं. पण त्यातून इमारतीबद्दल नवं काही कळत नाही, कपड्याबद्दल तर नाहीच. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर जियानफ्रान्को फेर्रे मिलानच्या पॉलिटेक्निकमधून वास्तुकलेची पदवी घेऊन कपड्यांकडे वळला, पाको राबान वास्तुकला शिकला होता, व्हर्जिल ॲबलोने शिकागोत वास्तुकलेचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं होतं. ही यादी हवी तेवढी लांबवता येईल. शिक्षण एकीकडचं आणि धंदा दुसरीकडचा, एवढंच तिच्यातून सिद्ध होतं.

चालायानने इमारतीचं रूप उचललेलं नाही. त्याने घराचं काम उचललं आहे. घर माणसाला झाकतं, बसायला जागा देतं, वस्तूंना ठेवण्याचं ठिकाण देतं. ही तिन्ही कामं एकेक करून भिंतींकडून काढून अंगाकडे द्यायची, असा हा प्रयोग आहे. आणि त्यामागे नुसती हुशारी नाही.

चालायानचा जन्म १९७० चा, सायप्रसमधल्या निकोसियाचा, तुर्की-सायप्रियट कुटुंबातला. या शहराच्या नकाशावर डिसेंबर १९६३ मध्ये एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. तुर्की आणि ग्रीक वस्त्यांमधला हिंसाचार थांबवण्यासाठी ती तात्पुरती सोय होती. ती रेघ ‘ग्रीन लाइन’ म्हणून आजतागायत टिकून आहे. त्या काळात हजारो तुर्की-सायप्रियटांना गावं सोडून आपल्या माणसांच्या वस्त्यांमध्ये आसरा घ्यावा लागला. पुढे जुलै १९७४ मध्ये आधी सत्तापालट आणि मग तुर्कस्तानची स्वारी झाली, बेटाचे दोन तुकडे झाले. उत्तरेतले ग्रीक दक्षिणेला पळाले, दक्षिणेतले तुर्की उत्तरेला गेले. घराला कुलूप लावून निघालेल्यांपैकी कितीतरी जणांना पुढे तीच कुलपं उघडायला मिळाली नाहीत. दाराशी धोका आला आणि हाताला लागेल ते घेऊन निघायचं आहे, अशा वेळी माणूस काय करतो, हे या शोचं बीज असल्याचं चालायानने सांगितलं आहे. शो झाला तेव्हा कोसोवोतल्या निर्वासितांचे तांडे लोकांनी टीव्हीवर पाहून वर्षही उलटलं नव्हतं.

आता खोळींकडे जवळून पाहू. खुर्चीला पाठ असते, हात असतात, पाय असतात. तिची खोळ म्हणजे बसलेल्या माणसाच्या घडणीचा कपडाच, फक्त आत माणूस नसतो. तो कपडा उभ्या देहावर चढवायचा तर बेतणाऱ्याची कसोटी लागते. बैठकीचं माप आडवं, देहाचं माप उभं. खुर्चीवर असताना ती खोळ झग्यासारखी दिसता कामा नये, कारण तसं झालं तर चोरी आधीच उघडी पडेल. अंगावर आल्यावर ती खोळीसारखी दिसता कामा नये, कारण मग तो नुसता विनोद होईल. चालायानने ही दोन्ही पथ्यं पाळली आहेत. झगे साधे, करडे, चारचौघींत खपून जातील असे आहेत. मला यातली सगळ्यात भेदक गोष्ट हीच वाटते. पळून चाललेल्या माणसाला पहिल्यांदा काय हवं असतं तर कुणाच्या नजरेत न भरणं. आपण आपलं सामान घेऊन चाललो आहोत हे सीमेवरच्या पहारेकऱ्याला कळू नये, म्हणून सामानच अंगात घातलं आहे.

खोळींचा हिशेब असा चोख आहे. खुर्च्यांच्या सुटकेसी झाल्या, हाही व्यवहारच. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात त्याचा हा जवळजवळ शब्दशः प्रयोग. इथवर शो थांबला असता तर आपण कल्पकतेला दाद देऊन उठलो असतो.

पण मग टीपॉय येतो, आणि हिशेब कोलमडतो.

तो बनवला आहे कसा, ते आधी. प्रवासात नेण्याचा घडीचा पेला असतो, कडी एकात एक बसलेली, वर ओढलं की पेला आणि दाबलं की चपटी डबी, तीच युक्ती इथे मोठ्या मापाने लाकडात केली आहे. सपाट असताना कडी एका पातळीत अशी मिसळतात की टीपॉयचा पृष्ठभाग सलग वाटतो. आतलं सगळ्यात लहान कडं उचललं की ते शेजारच्या कड्याला धरून वर घेतं, ते त्याच्या शेजारच्याला, आणि सगळ्यात बाहेरचं, सगळ्यात मोठं कडं पायांशी राहतं. शंकूचा आकार आपोआप तयार होतो. हे सुतारकाम आहे, शिवणकाम नव्हे. लाकूड कापडासारखं ताणत नाही. कडी जराशी घट्ट बसली तर ऐन रंगमंचावर अडकतील, सैल बसली तर टीपॉय खुळखुळा होईल. आणि त्याचं काम एका उचलीत, शेकडो डोळ्यांसमोर, दुसरी संधी न मिळता पार पडायचं आहे.

असा घागरा युरोपने पूर्वी पाहिलेला आहे. पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनचं पेटंट १८५६ मधलं. कमरेपासून खाली मोठी मोठी होत जाणारी कडी, वर कापड. त्याच्या पाचच वर्षं आधी लंडनमध्ये जोसेफ पॅक्स्टनचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला होता, लोखंडाचा सांगाडा आणि वर काचेची कातडी. कोणी कोणाचं पाहून केलं हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. बारीक धातूच्या हाडांवर पातळ आवरण पेलता येतं ही समज त्या काळात हवेतच होती, इमारत बांधणाऱ्याला आणि घागरा बांधणाऱ्याला ती एकाच सुमाराला उमगली. चालायानने क्रिनोलिनवरचं कापड काढून टाकलं आणि हाडंच रुंद केली. सांगाडा आणि कातडी असा भेद त्याच्या घागऱ्यात उरलेला नाही.

आता हिशेब का कोलमडतो ते. लाकडी घागरा घालून पळता येत नाही. धड चालताही येत नाही, पावलं मोजून टाकावी लागतात. त्यात वस्तू लपत नाहीत, थंडी अडत नाही, आणि तो कुणाच्या नजरेतून सुटणार नाही. ज्या शोची सगळी बुद्धी निसटून जाण्याच्या सोयीवर बेतलेली आहे, त्याचा कळस सगळ्यात गैरसोयीच्या पोशाखाने का व्हावा? काहींनी याला नाटकीपणा म्हटलं तर ते समजू शकतं. डोळे दिपवणारा शेवट व्हावा, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो यावा, हा हेतू नसेलच असं कोण म्हणेल? शिवाय निर्वासितांच्या दुःखाचा देखावा कपडे विकत घेणाऱ्या प्रेक्षकांपुढे मांडला जातो, यातला अवघडलेपणा पुसता येत नाही. मीही पुसू पाहत नाही.

तरी माझ्या मते तो शेवट बरोबर आहे. घर सोडताना माणूस दोन प्रकारच्या वस्तू उचलतो. एक, पुढे लागतील म्हणून. दुसऱ्या, टाकवत नाहीत म्हणून. पितळी डबा घेतला तर त्यात शिजवता येईल, पण देवघरातला जड पाट कशासाठी? तरी पाट उचलला जातो आणि वाटेत त्याच्या भाराने हात भरून येतो. खोळी आणि सुटकेसी पहिल्या प्रकारातल्या, टीपॉय दुसऱ्या प्रकारातला. चौघींना जाता येईल, पाचवीला जाणं जड जाईल, कारण तिने सगळ्यांनी मिळून बसण्याची जागा कमरेला बांधली आहे. तिच्याकडे पाहताना आधी चमत्कार दिसतो आणि क्षणभराने बेडी दिसते. एकाच वस्तूत दोन्ही दाखवणं मोठ्या मोठ्या इमारतींना जमलेलं नाही.

वास्तुरचनाकारांनीही हा प्रश्न आपल्या टोकाने हाताळून पाहिला होता. १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या आर्किग्राम गटातल्या मायकेल वेबने ‘सूटालून’ कल्पिलं. अंगात घालायचा पोशाख, हवा भरली की राहण्याची जागा. त्यात धमाल आहे, तरुणाईचा माज आहे, पण कुणी घर गमावलेलं नाही. स्वखुशीने भटकणाऱ्यासाठी ते आहे. जपानमध्ये कोसुके त्सुमुराने १९९४ मध्ये ‘फायनल होम’ नावाचा नायलॉनचा कोट काढला, त्याला चव्वेचाळीस खिसे. एरवी सामान ठेवा, बेघर व्हायची पाळी आली तर वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून ऊब मिळवा. हा चालायानचा सख्खा भाऊ शोभेल. आणि शिगेरू बानने १९९५ मध्ये टोकियोत एक घर बांधलं, ज्याला दर्शनी भिंतीऐवजी दोन मजली उंचीचा पडदा आहे. वारा आला की घर हलतं. कपड्याने घर व्हायचं आणि घराने कपडा व्हायचं, अशी ये-जा या दशकांमध्ये चालू होती. त्यामुळे लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयाने २००६ मध्ये फॅशन आणि वास्तुकलेतल्या समांतर वाटांवर ‘स्किन अँड बोन्स’ हे प्रदर्शन भरवलं तेव्हा त्यात चालायान असणं ओघानेच आलं.

आपल्याकडे यातलं काही नवं वाटू नये. मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या आणि पावसाळ्यात देशावर परतणाऱ्या धनगराच्या खांद्यावर घोंगडी असते. पाऊस आला की एका टोकाला दुमड घालून तिची खोळ होते, डोक्यापासून पाठीपर्यंत छप्पर. रात्री तीच अंथरूण-पांघरूण, दुपारी पाहुणा आला तर बैठक. मेंढीच्या लोकरीचे पट्टे विणून ते एकमेकांना जोडून शिवायचे; लोकरीत पाणी चटकन आत मुरत नाही. तिला बाही नाही, गळा नाही, माप नाही. माप नसल्यामुळेच ती इतकी कामं करते. चालायानच्या खोळीला मात्र माप आहे, खुर्चीचंही आणि बाईचंही. भटकंती हेच ज्याचं जगणं आहे त्याचं वस्त्र सगळ्या जागांना लागू पडणारं असतं. एका ठिकाणी मुळं धरून बसलेल्याला अचानक उठावं लागतं तेव्हा त्याच्या वस्त्रावर त्या एका जागेचे वळ उमटलेले दिसतात. ‘आफ्टरवर्ड्स’मधल्या झग्यांकडे पुन्हा पाहिलं तर हे जाणवतं.

चालायानने पुढेही यंत्रं, मोटारी, दिवे वापरून थक्क करणारे पोशाख केले. ऑक्टोबर २००६ मध्ये पॅरिसला दाखवलेल्या ‘वन हंड्रेड अँड इलेव्हन’मध्ये कपडे मॉडेलच्या अंगावर आपले आपण आकार बदलत शतकभराच्या फॅशनमधून प्रवास करतात. कारागिरी म्हणून ते कदाचित वरचढही असेल. पण तिथे बाई उभी राहते आणि कपडा हलतो. टीपॉयच्या वेळी तिला स्वतः वाकावं लागलं होतं, दोन्ही हात लावावे लागले होते, वजन उचलावं लागलं होतं. मोटार आली आणि हा भार गेला, त्याबरोबर बरंच काही गेलं.

म्हणून हा घागरा संग्रहालयात मांडणाऱ्यांची मला कीव येते. पुतळ्याच्या कमरेला अडकवला तर तो नुसता चमत्कारिक घागरा दिसणार. जमिनीवर सपाट ठेवला तर बरा टीपॉय दिसणार आणि लोक वळसा घालून पुढे जाणार. उचलण्याची ती दहा-वीस सेकंदं काचेच्या पेटीत ठेवता येत नाहीत. शेजारी चित्रीकरणाचा पडदा लावणं एवढाच उपाय आहे, आणि पडदा असला की पेटीतल्या वस्तूकडे कुणी बघत नाही.