‘चंद्रकांता’ पुन्हा वाचताना

देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ (१८८८) पहिल्यांदा वाचताना वाचक तेजसिंहाच्या बाजूचा होऊन जातो. वेषांतर करणारा, बटव्यातील औषधाने शत्रूला बेशुद्ध पाडणारा आणि लखलखा हुंगवून आपल्या माणसाला शुद्धीवर आणणारा हा अय्यार कोणाला आवडणार नाही? नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांच्या प्रेमापेक्षा तेजसिंह आणि चपला यांच्या करामतीच अधिक लक्षात राहतात. खत्रींनी चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. तो मुलूख त्यांच्या पायाखालचा होता. म्हणूनच त्यांचे तिलिस्म मायावी असूनही खरे वाटते.

पुनर्वाचनात मात्र दोन नावांपाशी अडखळायला झाले. चंद्रकांतेचा ध्यास घेतलेल्या क्रूरसिंहाच्या पदरी नाजिम आणि अहमद हे दोन अय्यार आहेत. खलपुरुष केवळ मुसलमान आहेत, असे म्हणता येणार नाही. क्रूरसिंह आणि चुनारचा राजा शिवदत्त हे हिंदूच आहेत. फरक पुढे दिसतो. शिवदत्ताचे अय्यार बद्रीनाथ, पन्नालाल, रामनारायण अखेर वीरेंद्रसिंहाच्या बाजूला येतात आणि ‘चंद्रकांता संतति’त मानाने वावरतात. शत्रूच्या चाकरालाही मन असते, ते बदलू शकते, हे खत्री जाणतात. नाजिम-अहमदला मात्र ते ही संधी देत नाहीत. ते दोघे अखेरपर्यंत कपटाची हत्यारे राहतात. त्यांची माणसे होत नाहीत.

हे अधिक बोचते, कारण ‘अय्यार’ आणि ‘तिलिस्म’ हे शब्दच अरबी-फारसीच्या वाटेने उर्दूत आलेले. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे खंड काढायला सुरुवात केली होती. तेजसिंहाचा बटवा पाहिला की त्या दास्तानमधल्या अमर अय्यारची झंबील आठवतेच. अमीर हमजाचा सखा असलेला अमर हा तेजसिंहाचा पूर्वज. पूर्वजाची कला नायकाच्या मित्राला मिळाली; त्याच्या जमातीची नावे तेवढी खलपुरुषाच्या चाकरांना.

म्हणून ‘चंद्रकांता’ टाकून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. ती वाचण्यासाठी असंख्य लोक नागरी लिपी शिकले, असे सांगितले जाते. त्यांच्या हाती जी हिंदी पडली, ती उर्दूशी फारकत घेतलेली नव्हती. खत्रींच्या कथेने दोघांना परके ठरवले, पण त्यांच्या भाषेला ते जमले नाही. पुस्तकाचा आनंद घ्यावा आणि नाजिम-अहमदचा हिशेबही मागावा, एवढा हक्क प्रत्येक वाचकाला आहे.