डागडुजीचे वाङ्मय

सागरसफरीच्या पुस्तकांतील वादळांचा आम्हांस अलीकडे काहीसा कंटाळा येऊ लागला आहे. लाटा पर्वतप्राय असतात, वारा आक्रंदतो, आणि लेखक कितीही प्रामाणिक असला तरी तिसऱ्या वादळापाशी त्याची विशेषणे संपलेली असतात. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचे ‘अ वर्ल्ड ऑफ माय ओन’ (१९६९) हे पुस्तक पुन्हा वाचताना मात्र हा कंटाळा आला नाही. त्याचे कारण त्यांच्या निसर्गवर्णनात नाही. ते वर्णन बेताचेच आहे. ते आहे डागडुजीत.

१४ जून १९६८ रोजी हा गृहस्थ ‘सुहैली’ नावाच्या ३२ फुटी शिडाच्या नौकेतून इंग्लंडमधील फालमथ बंदरातून एकटाच निघाला आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतला. ३१२ दिवसांत कोठे थांबणे नाही, कोणाचे साहाय्य घेणे नाही. तेव्हा जे मोडेल ते स्वतःच सांधावयाचे, आणि तेही हवा सवड देईल तेव्हाच. येथे हवा ही देखाव्याची वस्तू राहत नाही. समुद्र शांत झाला म्हणजे कवीला जे सुचते ते या लेखकाला सुचत नाही. त्याला हातोडी आठवते.

केप व्हर्ड बेटांच्या दक्षिणेकडील प्रसंग पाहावा. तळाच्या कण्यालगतच्या फळ्यांतून पाणी आत येऊ लागते. लेखक पाण्याखाली उतरतो, श्वास कोंडून सांध्यात कापूस ठासतो, आणि तो कापूस टिकत नाही. मग कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवून, तिला डांबर फासून, ती पट्टी खिळ्यांनी तळाला ठोकावयाची आणि वरून तांब्याचा पत्रा बसवावयाचा, असा बेत ठरतो. पांढऱ्या अंगाकडे शार्क ओढला जाऊ नये म्हणून अंगात गडद कपडे. तरीही शार्क येतोच, आणि त्याला गोळी घालावी लागते. हे सारे ज्या कोरड्या सुरात सांगितले आहे त्या सुरातच भय साठले आहे. भयाचा उच्चार केला असता तर ते निम्मे झाले असते.

दुसरे स्थळ त्याहूनही लहान. विजेच्या यंत्राच्या मॅग्नेटोतील फट नेमकी बसवावयाची आहे आणि माप घेण्याचे साधन जवळ नाही. लेखक पुस्तकाची पाने मोजतो: इंचाला दोनशे, म्हणजे एक पान पाच सहस्रांश इंच. ग्रंथाचा असा उपयोग आमच्या कोणा समीक्षकाला सुचला नसता! १७ जानेवारी १९६९ रोजी मागे पडलेल्या केप हॉर्नपेक्षा ही पाने आम्हांस अधिक आठवतात.

दोष नाहीत असे नाही. पहिला मान ब्रिटिशालाच मिळावा हा हट्ट आज बालिश वाटतो. त्याच शर्यतीतील बर्नार्ड म्वातेसिए यांच्या पुस्तकात अंतर्मुखता कितीतरी अधिक आहे. मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन नौकेच्या नाळेपुढील दांडा वाकला, तेव्हा तो त्यांनीही कप्प्या-दोरांनी ओढून सरळ केला. पण त्यांचे चित्त लवकरच आकाशाकडे वळते. आम्हांस, हे कबूल केले पाहिजे, तो दांडाच अधिक हवा होता.

आमची खरी तक्रार निराळी आहे. ‘सुहैली’ मुंबईची. कुलाब्याला सागवानात घडलेली ही नौका १९६४ साली पाण्यात उतरली. ती ज्यांनी तासणी आणि सामता या जुन्या हत्यारांनी घडविली त्या सुतारांविषयी लेखकाला आदर आहे. परंतु त्यांच्यासाठी त्याने जागा थोडी ठेवली आहे. समुद्रापासून शेकडो कोस दूर, परप्रांतात बसून मराठी वाचणाऱ्या आम्हांला त्या हातांविषयी आणखी वाचावयाचे होते. हा दोष एकट्या त्या इंग्रजाचा मानणेही योग्य नव्हे. कुलाबा त्याच्यापेक्षा आमच्या लेखकांना जवळ होता. आमच्या प्रवासवर्णनांत सूर्यास्त विपुल असतात. गाडी वाटेत बंद पडली तर ती कोणी आणि कशी दुरुस्त केली, हे सांगण्यापूर्वीच परिच्छेद संपतो.