पडद्यावरील विस्मृत राज्यकर्ते

ज्यांच्या तसबिरी शाळेच्या भिंतीवर नसतात, ज्यांच्या जयंतीस सुट्टी मिळत नाहीं आणि ज्यांचीं नांवें परीक्षेपुरतीं पाठ करून विसरलीं जातात, अशा राज्यकर्त्यांवर नाट्य रचणें हें थोर पुरुषांवर नाट्य रचण्याहून सोपें कीं अवघड, हा प्रश्न आमच्यापुढें दोन मालिकांनीं उभा केला आहे. पहिली, २०२१ च्या नोव्हेंबरांत सोनी मराठी वाहिनीवर सुरू झालेली ‘स्वराज्य सौदामिनी ताराराणी’. दुसरी, २०२५ च्या नोव्हेंबरांत नेटफ्लिक्सवर आलेली चार भागांची अमेरिकन मालिका ‘डेथ बाय लाइटनिंग’. तिचा विषय अमेरिकेचे विसावे अध्यक्ष जेम्स गार्फील्ड व त्यांचा मारेकरी चार्ल्स गिटो हा आहे. या दोहोंची तुलना करणें म्हणजे विजोड बैल एका जुवाखालीं घालणें होय, असें कोणी म्हणेल. तथापि ही तुलना आम्हीं हौसेनें आरंभिलेली नाहीं. ती आमच्यावर येऊन पडली, आणि ती कशी, हें आधीं सांगणें भाग आहे.

आमच्या मोर्शीस संध्याकाळीं संत्र्याच्या बागेंतून परतलेलीं माणसें हातपाय धुऊन दूरचित्रवाणीपुढें बसतात. ताराराणींची मालिका चालू असतां शेजारची एक शाळकरी मुलगी रोज आमच्या घरीं ती पाहावयास येत असे. मालिका संपली, त्यानंतर थोड्याच दिवसांनीं ती आली आणि आपल्या वऱ्हाडी बोलींत विचारती झाली, “आजोबा, ताराराणीचं मंग समोर काय झालं?” आम्हीं उत्तर दिलें कीं त्यांनीं कोल्हापूरची गादी स्थापिली. मुलीचें समाधान झालें व ती गेली. आमचें मात्र झालें नाहीं. आम्हीं सांगितलें तें खोटें नव्हतें. परंतु जें सांगावयास हवें होतें तें आम्हीं गिळलें होतें. एका मुलीच्या प्रश्नास आम्ही सरळ उत्तर कां देऊं शकलों नाहीं, हाच या लेखाचा खरा विषय होय.

आतां अमेरिकन मालिकेकडे वळूं. तिचा आरंभ १९६९ सालच्या एका कोठारांत होतो. बरणींत ठेवलेला गिटोचा मेंदू तेथें हातीं येतो, आणि हा गिटो कोण, हें तेथल्या माणसांस ठाऊक नसतें. म्हणजे आपला नायक विस्मृत आहे ही गोष्ट लपविण्याऐवजीं मालिकेनें तीच उंबरठ्यावर मांडली आहे. पुढें कथा १८८० सालांत जाते. शिकागो येथील पक्षाच्या अधिवेशनांत गार्फील्ड हे जॉन शर्मन यांचें नांव सुचविण्यास गेले असतां छत्तिसाव्या फेरीस ते स्वतःच उमेदवार ठरले. १८८१ च्या मार्चांत ते अध्यक्ष झाले. २ जुलै रोजीं वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकांत गिटोनें त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आणि १९ सप्टेंबर रोजीं ते वारले. अवघ्या साडेसहा महिन्यांची ही कारकीर्द. तिच्यावर नाट्य रचावयाचें म्हणजे अंकुरावरून वृक्षाचा अंदाज करण्यासारखें आहे.

परंतु या अल्पपणांतच लेखक माइक माकोव्स्की यांनीं आपली नाट्यवस्तु शोधली. अध्यक्षांनीं काय केलें, हें सांगण्याजोगें फारसें नसल्यामुळें त्यांच्याभोंवतीं काय चाललें होतें, हें त्यांनीं दाखविलें. त्या काळीं सरकारी नोकऱ्या पक्षाच्या सेवेचें बक्षीस म्हणून वाटल्या जात. पॅरिसचें वकिलातीचें पद आपणांस मिळालेंच पाहिजे अशा भ्रमानें पछाडलेला गिटो हा त्या पद्धतीचेंच वेडसर अपत्य होता. गोळी लागल्यावर वैद्यांनीं न धुतलेल्या बोटांनीं जखम पुन्हा पुन्हा चाचपली. लिस्टरचे जंतुनाशक उपचार तोंवर जगास ठाऊक झाले होते. पण मुख्य वैद्य ब्लिस यांस ते मान्य नव्हते. गोळीनें मेले त्याहून अधिक ते वैद्याच्या अहंकारानें मेले, हा मालिकेचा अभिप्राय इतिहासास सोडून नाहीं. शेवटीं, ज्या चेस्टर आर्थर यांस सारे लोक नोकऱ्या वांटणाऱ्या टोळीचा माणूस समजत, त्यांनींच अध्यक्ष झाल्यावर १८८३ मध्यें नोकऱ्या गुणांवर देण्याचा पेंडल्टन कायदा सहीनिशीं मंजूर केला. ज्याच्याकडून कांहींच अपेक्षा नव्हती त्यानें तें केलें, यासारखी नाट्यमय गोष्ट दुसरी कोणती?

ही मालिका निर्दोष आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. मॅथ्यू मॅकफॅडियन यांचा गिटो इतका वेधक झाला आहे कीं मायकेल शॅनन यांचे गार्फील्ड अनेक वेळां त्याच्या सावलींत उभे राहतात. आणि गार्फील्ड यांना इतकें सज्जन रंगविलें आहे कीं त्यांच्यांतील धूर्त राजकारणी दिसेनासा होतो. पात्रांच्या तोंडीं आजच्या रस्त्यावरील शिव्या घातल्या आहेत, त्याही आमच्या कानांस खटकल्या. चार भागांची मर्यादा आर्थर यांच्या पालटास जाचक झाली आहे; जो बदल हळूहळू उमलावयास हवा होता तो घाईनें उरकला आहे. पण एवढें उणें काढूनही एक गोष्ट उरतेच: मालिकेनें आपला निकाल आधीं देऊन ठेवलेला नाहीं. तिचें नांवही गार्फील्ड यांच्याच एका पत्रांतील आशयावरून घेतलें आहे. वीज पडून येणाऱ्या मृत्यूपासून जसा बचाव करतां येत नाहीं, तसा मारेकऱ्यापासूनही येत नाहीं, असा तो आशय. नांवांत स्तुति नाहीं कीं निंदा नाहीं. केवळ एका माणसाचें निष्काळजी धैर्य आहे.

याच कसोटीवर आमच्या मराठी मालिकांचीं नांवें लावून पाहा. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’, ‘स्वराज्यजननी जिजामाता’, ‘स्वराज्य सौदामिनी ताराराणी’. प्रत्येक नांव ही एक पदवी आहे. पदवी दिली कीं खटला संपला. मग साक्षी ऐकण्यास प्रेक्षक कशास बसवावयाचे? आदर दाखवूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पण आदर हें नाट्याचें फळ असावें. आमच्याकडे तें त्याचें बीज झालें आहे.

असें असलें तरी ताराराणींच्या मालिकेचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. १७०० ते १७०७ या सात वर्षांत मराठ्यांचें राज्य कोणी चालविलें, असा प्रश्न आमच्या गांवांत दहा जणांस विचारला असता, तर या मालिकेपूर्वीं आठ जण निरुत्तर झाले असते, अशी आमची समजूत आहे. राजाराम महाराज १७०० च्या मार्चांत सिंहगडावर वारले, तेव्हां ताराराणींचें वय पंचविशीच्या आसपास होतें. लहानग्या पुत्रास गादीवर बसवून या हंबीरराव मोहित्यांच्या कन्येनें औरंगजेबाच्या प्रचंड फौजेस दाद दिली नाहीं. एक किल्ला गेला तर दुसरीकडे मोगलांचा मुलूख मारला. आणि १७०७ मध्यें तो बादशहा दक्षिणेंतच मरण पावला. मोगलांचा इतिहासकार खाफीखान यालाही तिच्या कर्तबगारीची कबुली द्यावी लागली. स्वरदा ठिगळे यांनीं साकारलेली ही राणी घरोघर पोहोंचली, हें लहान काम नव्हे. हंबीररावांची कन्या घोड्यावर बसलेली पाहून आमच्या शेजारची मुलगी ताठ बसत असे, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

पण मालिकेचा सारा भर औरंगजेबाशीं झालेल्या झुंजीवर. आणि ताराराणींच्या आयुष्याचा तो केवळ पूर्वार्ध होय. त्या १७६१ पर्यंत जगल्या. शाहू महाराज सुटून आल्यावर खेडच्या लढाईंत त्यांचा पराजय झाला. १७१४ मध्यें सवत राजसबाई यांच्या पक्षानें त्यांस पुत्रासह पन्हाळ्यावर कैद केलें, आणि जी गादी त्यांनीं उभारली तिच्यावर दुसरे संभाजी बसले. पुढें त्या साताऱ्यास शाहूंच्या पहाऱ्यांत राहिल्या. शाहूंचा अंतकाळ जवळ येतां त्यांनीं रामराजास आपला नातू म्हणून पुढें केलें. तो छत्रपति झाला. आणि तो आपल्या मुठींत राहत नाहीं असें दिसतांच, १७५० मध्यें, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं त्याच छत्रपतीस साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेंत टाकलें. १७५२ मध्यें जेजुरीस खंडोबाच्या समोर, तो आपला नातू नव्हे, अशी शपथ त्यांनीं घेतली. आधींचें बोलणें खरें कीं नंतरची शपथ खरी? एका वृद्ध स्त्रीनें देवासमोर उच्चारलेलें हें वाक्य कोणत्याही नाटककारास आयुष्यभर पुरेल. ज्या जिद्दीनें औरंगजेबास थकविलें तीच जिद्द पुढें स्वकीयांस जाळीत सुटली. गुण आणि दोष हे येथें दोन नव्हेत. एकाच धातूच्या नाण्याच्या त्या दोन बाजू होत.

यावर निर्माते म्हणतील कीं आठवड्याचे बहुतेक दिवस चालणाऱ्या मालिकेस रोज प्रेक्षक लागतात, आणि प्रेक्षकांस विजय पाहावयाचे असतात. या म्हणण्यांत तथ्य आहे. ‘सावित्रीजोती’ ही फुले दांपत्यावरील मालिका २०२० च्या जानेवारींत सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस थांबली. पुरेसे प्रेक्षक मिळाले नाहींत, असें त्या वेळीं कारण सांगितलें गेलें. जेथें जोतीराव आणि सावित्रीबाई यांसही आकड्यांपुढें हार खावी लागते, तेथें जेजुरीची शपथ कोण दाखवील? परंतु यावर उत्तरही आमच्याच घरचें आहे. १९८७ मध्यें दूरदर्शननें रणजित देसाई यांच्या कादंबरीवरून ‘स्वामी’ ही मालिका दाखविली. गजानन जागीरदार यांनीं ती दिग्दर्शित केली आणि रवींद्र मंकणी यांनीं माधवराव पेशवे उभे केले. वयाच्या सोळाव्या वर्षीं पेशवा झालेला, चुलत्याशीं झगडत राहिलेला आणि सत्ताविसाव्या वर्षीं थेऊरास क्षयानें वारलेला हा तरुण. त्याच्या कथेचा शेवट विजय नाहीं, मृत्यु आहे. आणि तरीही त्या मालिकेची आठवण जुन्या प्रेक्षकांच्या मनांतून गेलेली नाहीं. तेव्हां प्रेक्षकांस केवळ जयजयकारच हवा, हें म्हणणें प्रेक्षकांवर अन्याय करणारें आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. पूर्वजांचे दोष पडद्यावर आले तर लोकांच्या भावना दुखावतात, आणि दुखावलेल्या भावनांचा जाब रस्त्यावर विचारला जातो. ही भीति खोटी नाहीं, आणि ज्याचा पैसा गुंतला आहे त्यानें ती बाळगली तर आम्ही त्यास दोष देत नाहीं. पण या भीतीची किंमत कोण देतें, याचा हिशेब मांडला पाहिजे. ती किंमत ताराराणींसच द्यावी लागते. त्यांच्या शहाऐंशी वर्षांच्या आयुष्यांतून सात वर्षें ठेवून बाकीचीं आम्ही कापून टाकतों, आणि यालाच गौरव म्हणतों. ज्या स्त्रीस शत्रु गप्प करूं शकला नाहीं, तिला आमच्या भक्तीनें गप्प केलें.

वऱ्हाडकरांनीं तर या बाबतींत विशेष प्रामाणिक असावयास हवें. शाहू महाराज मोगलांच्या कैदेंतून सुटून आले, तेव्हां त्यांस आरंभींच येऊन मिळालेल्या सरदारांत परसोजी भोसले हे प्रमुख होते. आणि नागपूरकर भोसल्यांचें घराणें ज्या वऱ्हाड-गोंडवनांत वाढलें, तोच हा आमचा मुलूख. म्हणजे ताराराणींचें पारडें हलकें झालें त्यास आमच्याकडचा हातही लागला होता. त्याच घराण्याच्या दुसऱ्या रघूजींस १८०३ च्या डिसेंबरांत गाविलगड पडल्यावर देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेचा प्रदेश सोडावा लागला, आणि आमची मोर्शी त्याच पश्चिमेस आहे. या भूमीवर हरलेल्या राज्यकर्त्यांच्या कथा पुष्कळ आहेत. त्यांतील एखादी पडद्यावर यावी अशी आमची इच्छा आहे. मात्र ती आल्यास तिच्या नांवापुढें पदवी नसावी.

विस्मृत राज्यकर्त्यावर नाट्य रचणें सोपें कीं अवघड, या प्रश्नाचें आमचें उत्तर असें: तें सोपें आहे, कारण प्रेक्षकाच्या मनांत त्याची मूर्ति आधीं घडलेली नसते, आणि तें अवघड आहे, कारण नवी मूर्ति घडविण्याचा मोह लेखकास आवरत नाहीं. अमेरिकन लेखकानें तो बराचसा आवरला; आमच्यांना तो आवरतां आलेला नाहीं.

शेजारच्या मुलीस आम्हीं पुन्हा बोलाविलें आणि पन्हाळ्याची कैद, रामराजा व जेजुरीची शपथ हें सारें सांगितलें. ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मंग हेच काऊन नाही दाखवलं, आजोबा?” राणीविषयींचा तिचा आदर तिळभरही कमी झालेला आम्हांस दिसला नाहीं. तिचा प्रश्न आम्ही मालिका लिहिणाऱ्यांकडे जसाचा तसा पाठवीत आहों.