प्रयोगाचे अवशेष आणि विद्यापीठ : हार्वर्डच्या रंगभूमी-संग्रहाच्या निमित्ताने

पडदा पडताच नाट्यप्रयोग संपतो. मागे उरतात हस्तपत्रके, प्रॉम्प्टरच्या प्रती, नटांची चित्रे, जमाखर्चाच्या वह्या. या अवशेषांचा संग्रह करणे हा व्यवहार वरकरणी निरुपद्रवी वाटतो. वस्तुतः काय जपावे आणि कोणत्या क्रमाने लावावे, या निर्णयांतच नाट्येतिहासाची एक मांडणी अनुस्यूत असते. हार्वर्ड विद्यापीठाच्या रंगभूमी-संग्रहाचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

हा संग्रह १९०१ मध्ये इंग्रजीचे प्राध्यापक जॉर्ज पिअर्स बेकर यांच्या पुढाकाराने सुरू झाला. १९१५ मध्ये रॉबर्ट गूल्ड शॉ या संग्राहकाने आपला विपुल खाजगी संग्रह विद्यापीठाला दिला आणि तो स्वतःच त्याचा अभिरक्षक झाला. येथेच पहिला पेच उद्भवतो. संग्राहकाची दृष्टी आसक्तीची असते, अभ्यासकाची प्रश्नाची. लिलियन हॉल यांनी सिद्ध केलेली, १९३० ते १९३४ या काळात चार खंडांत प्रसिद्ध झालेली नाट्यविषयक व्यक्तिचित्रांची सूची या आसक्तीला शास्त्रीय रूप देते. तीत नोंदी चित्रित व्यक्तीच्या नावाने लागतात. विशिष्ट नटाचा शोध घेणाऱ्याला ती तत्काळ उत्तर देते. नेपथ्य, प्रेक्षक किंवा पडद्यामागील श्रम यांचा शोध घेणाऱ्याला मात्र वळसा घ्यावा लागतो. व्यक्तिचित्रांची सूची व्यक्तिनिहायच असणार, हा आक्षेप रास्त आहे. तथापि चार खंडांचे श्रम याच सामग्रीवर खर्च व्हावेत, यातून नटकेंद्री इतिहासदृष्टीचा प्राधान्यक्रम स्पष्ट होतो.

दुसरा पेच अधिक मूलगामी आहे. संग्रहाची कल्पना मांडणारे बेकर नाट्यलेखनाचा वर्ग आणि त्याला जोडून प्रयोगशाळावजा नाट्यकार्यशाळा चालवीत होते. १९१४-१५ मध्ये यूजीन ओनील त्या वर्गात होता. परंतु नाट्यप्रयोगाला ज्ञानशाखेचे स्थान आणि हक्काचे नाट्यगृह देण्यास हार्वर्डची तयारी नव्हती. १९२५ मध्ये बेकर येल विद्यापीठात गेले. संग्रह मात्र हार्वर्डमध्येच राहिला. विद्यापीठाने रंगभूमीचा भूतकाळ कागदाच्या रूपात स्वीकारला आणि तिचा वर्तमान दाराबाहेर ठेवला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. ग्रंथालयीन संस्कृतीला कागद ओळखीचा असतो. देह आणि आवाज तिला अडचणीचे वाटतात.

इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाचा क्रम नेमका उलटा आहे. तेथे नाट्यविभाग १९४७ मध्ये स्थापन झाला आणि संग्रह १९५१ मध्ये, अध्यापन व संशोधनाच्या गरजेतून. कालांतराने त्यात जिवंत सादरीकरण-कलेच्या दृक्‌मुद्रणांचाही समावेश झाला. संग्रहाचा उगम प्रयोगव्यवहाराशी निगडित असला, की 'दस्तऐवज' या संकल्पनेचीच व्याप्ती वाढते, हे यातून सूचित होते.

डायना टेलर यांनी २००३ मध्ये टिकाऊ दस्तऐवजांचा संग्रह आणि देहातून संक्रमित होणारे सादरीकरणाचे संचित यांत भेद केला. हा भेद उपयुक्त असला, तरी त्याचे द्वंद्वात रूपांतर करणे धोक्याचे. दृक्‌मुद्रण हेही अखेर एका कोनातून घेतलेले, म्हणजे निवडलेले, साक्ष्य असते. नाट्येतिहासाच्या अभ्यासकाने संग्रहातील कागद वाचण्यापूर्वी संग्रहाची रचना वाचली पाहिजे. अन्यथा संग्राहकाच्या आवडीनिवडीलाच तो इतिहास समजून बसेल.